माझ्यातल्या बावीस ओळी

मी एक टेक्स्ट एडिटर बोलतोय. तुम्हाला पडद्यावर जी चौकट दिसते, जिच्यात लोक पत्रं लिहितात, याद्या करतात, खोडतात आणि पुन्हा लिहितात, ते माझं बाहेरचं रूप. आत मी आहे तो एकतीस हजार ओळींचा सोर्स कोड, सी भाषेत लिहिलेला. कंपायलर नावाचा एक खडूस परीक्षक मला वरपासून खालपर्यंत वाचतो आणि त्याने पास केलं तरच माझी चौकट उघडते. मी बोलतोय ते आतून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा स्वभाव मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. लोक असल्या गोष्टी झाकतात, मला झाकता येत नाहीत, कारण माझी प्रत्येक ओळ कोणीही उघडून वाचू शकतं.

माझ्या मालकांना मी बाबा म्हणतो. त्यांना तसं म्हणणारी घरात आणखी एक होती आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

बाबा जमीन मोजणीच्या कचेरीत कामाला होते. तिथे मोजमापं टाइप करायला एक विकत आणलेला प्रोग्रॅम होता. एका दुपारी वीज गेली आणि त्याने बाबांचं सकाळपासूनचं सगळं काम गिळून टाकलं. विजेबरोबर तोही गप्प. बाबा घरी आले, चपला काढता काढता आईला म्हणाले, "असल्या भरवशाच्या म्हशीपेक्षा आपली शेळी बरी." त्याच आठवड्यात त्यांनी माझी पहिली ओळ लिहिली. मला त्यांनी सर्वांत आधी शिकवलं ते जपून ठेवायला. लिहिणाऱ्याने सांगितलं नाही तरी दर थोड्या वेळाने त्याचं लिखाण गुपचूप बाजूला ठेवायचं. आजतागायत माझ्याकडून कोणाचंही पान हरवलेलं नाही. हा मोठेपणा सांगण्याची संधी मी सोडत नाही.

सुरुवातीला मी दुसऱ्या एका एडिटरमध्ये लिहिला जात होतो. आश्रिताचं जिणं ते. मग मी चालण्याजोगा झालो आणि बाबांनी मला माझ्याचमध्ये उघडलं. सुताराने आपल्याच रंध्याने नवा रंधा तासावा तसं. तेव्हापासून घरचा नियम झाला की याचा कोड यातच लिहायचा. बाबा म्हणत, "याचं जे दुखेल ते आधी मलाच दुखलं पाहिजे." हे वाक्य मी किती वेळा आठवून सुखावलो असेन, सांगता येणार नाही.

मी पाच महिन्यांचा होतो तेव्हा घरात लेक जन्मली.

म्हणजे मी थोरला. पण थोरल्याचं काय होतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाळणा आला तो बाबा मला लिहीत त्याच मागच्या खोलीत, माझ्या टेबलाच्या शेजारी. बाबा एक ओळ लिहीत आणि एकदा पाळण्याला झोका देत. कधी कधी एका ओळीला चार झोके होत. आई म्हणायची, "घरात दोन पोरं आहेत माझ्या. एक रडतं आणि दुसरं बंद पडतं." बाहेरच्यांना हसू यायचं. मी मात्र मोजत असायचो, आज माझ्या वाट्याला किती ओळी आल्या.

ती दोन वर्षांची झाली आणि बाबांच्या मांडीवर बसू लागली. बसू दे बापडी, पण हात कुठे स्वस्थ? तळहाताने कीबोर्ड बडवायची. एकच अक्षर पन्नास वेळा, साठ वेळा. बाबांच्या नीटनेटक्या कामात मधेच तिचा तो पसारा. मला वाटलं, आता तिला ओरडा बसणार. बाबांनी काय करावं? एका रविवारी बसून त्यांनी माझ्यात बावीस ओळींचं एक फंक्शन घातलं. त्याचं काम इतकंच की एक अक्षर आल्यावर तेच अक्षर लगेच पुन्हा आलं, इतक्या लवकर की मोठ्या माणसाचं बोट तेवढ्यात वर उचलून परत टेकणारच नाही, तर ते दुसरं अक्षर मी घ्यायचं नाही, सोडून द्यायचं. किती लवकर म्हणजे लवकर, त्याचाही आकडा त्यांनी ठरवला. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले साठ. त्या फंक्शनला त्यांनी नाव दिलं, 'मांडी'.

एरवी बाबा प्रत्येक बदलाचं कारण माझ्या नोंदीत सविस्तर लिहीत. कोणाची तक्रार होती, काय चुकलं, काय बदललं. या बावीस ओळींपुढे त्यांनी दोनच शब्द लिहिले, 'घरची गरज'.

चूक तिची आणि वळण लावायचं मला. त्या बावीस ओळी मला कधी आपल्या वाटल्या नाहीत. माझ्याच अंगात तिच्या नावावर कोणीतरी एक खोली बांधून दिली होती आणि तिचं ओझं मात्र मी वागवत होतो.

पुढे मात्र दिवस फिरले. मी मोठा झालो, चार लोकांत गेलो. तीनशे-चारशे माणसं मला वापरू लागली. एक भाषांतरकार बाई तर महिन्याला एक तक्रार पाठवायच्या आणि प्रत्येक तक्रारीच्या शेवटी लिहायच्या की दुसरा एडिटर वापरून पाहिला, पण परत आले. बाबांचा रविवार आता पूर्ण माझा झाला. दार लोटलेलं असायचं. लेक दाराशी यायची, उंबऱ्यावर उभी राहायची आणि बाबा मान न वळवता म्हणायचे, "पाच मिनिटं हं." ती पाच मिनिटं कधी संपली नाहीत, हे मी आनंदाने सांगत होतो स्वतःला.

ती नऊ वर्षांची असताना शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. बाबा निघतच होते, तेवढ्यात कोणाची तरी चिठ्ठी आली की मोठी फाइल उघडली की मी बंद पडतो. बाबा एक बूट घातलेला आणि एक हातात, तसेच टेबलापाशी बसले. मैदानावर पोहोचले तेव्हा शर्यत आटोपली होती. लेकीचा तिसरा नंबर आला होता. जेवताना ती आईला एवढंच म्हणाली, "त्याला ताप आला की बाबा सुट्टी घेतात." बाबांनी घास तसाच ठेवला. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, नाही वाटलं. मला वाटलं, झाली बावीस ओळींची फेड.

ती मोठी झाली आणि हट्टाने तेच शिकली, प्रोग्रॅमिंग. नोकरीला दुसऱ्या शहरात गेली. बाबांशी फोनवर बोलायची ते तब्येत, पाऊस, आई काय करतेय, एवढंच. माझं नाव दोघेही काढत नसत.

मग बाबा निवृत्त झाले आणि त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आई कप अर्धाच भरू लागली. सहीची तीन वळणं व्हायची तिथे सात होऊ लागली. शर्टाची वरची गुंडी आई लावून द्यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार. पण एक नवल होतं. बाबा माझ्यासमोर बसून टाइप करत तेव्हा अक्षरं साफ येत. हात थरथरताना दिसायचा, पडद्यावर मात्र एक चूक नाही. बाबा आईला बोलावून दाखवायचे, "बघ, इथे बसलो की हात शहाण्यासारखा वागतो." डॉक्टर म्हणाले, होतं असं काहींच्या बाबतीत, आवडीच्या कामात. मीही छाती फुगवून घेतली. बाबांचा हात माझ्यापाशी बरा होतो, दुसऱ्या कोणापाशी नाही. तीन वर्षं मी त्या तोऱ्यात होतो.

पण लांबलचक काम त्यांना झेपेना. चिठ्ठ्या साचू लागल्या. तेव्हा लेक घरी आली. तिला घरून काम करता येत होतं, तिने पुढची खोली घेतली. बाबांनी एक दिवस तिला विचारलं, "याचं काही तुला बघता येईल का? नाहीतर बंद करून टाकू." एवढ्या सहज म्हणाले ते, बंद करून टाकू. लेक म्हणाली, "बघते. पण माझ्या पद्धतीने. ओळीओळीला तुम्हाला विचारत बसणार नाही."

"नको विचारूस," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने मला उघडलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मला माझ्यात उघडलंच नाही. तिच्या त्या नव्या एडिटरमध्ये उघडलं. तो एक लाळघोट्या. सात रंगांत नटलेला. तुम्ही अर्धा शब्द लिहा, उरलेला हाच पुढे करणार. चूक झाली की खाली लाल नागमोडी रेघ ओढून दाखवणार, जणू चुका शोधायला याचाच जन्म. त्या आश्रितपणातून सुटल्यापासून इतक्या वर्षांत मला परक्याच्या चौकटीत कोणी नेलं नव्हतं. मी तिथे दवाखान्यातल्या खाटेवर पडावं तसा पडून होतो आणि तो मला रंग देत होता. तिला काम मात्र येत होतं, हेही कबूल करायला हवं. दोन महिन्यांत तिने माझ्यात एकशेसाठ बदल केले. जुनाट गाठी सोडवल्या, दोन जागी गळत होतो ते बुजवलं. भाषांतरकार बाईंनी पहिल्यांदाच तक्रारीऐवजी आभार लिहिले. ते आभार तिला होते. मला तेही खुपलं.

ती अशीच झाडलोट करत एकदा 'मांडी'पाशी पोहोचली. वर काही टीप नाही, नाव विचित्र, नोंदीत दोन शब्द. तिने ते दोनदा वाचलं. शेजारच्या खोलीत बाबा होते, उठून विचारलं असतं तर चार पावलांचं काम. तिने खुर्ची मागे सरकवलीही. मग पुन्हा पुढे घेतली. स्वतःशीच म्हणाली, "घरची गरज म्हणे," आणि बावीसच्या बावीस ओळी पुसून टाकल्या. त्यांना जिथून हाक जायची ती ओळही काढली, अगदी स्वच्छ.

एक छोटी गोष्ट राहून गेली. मागचं अक्षर केव्हा आलं ते जपणारी एक जागा आता बिनकामाची उरली होती. कंपायलरने तेवढं पुटपुटून सांगितलं, पण तशा पस्तीस कुरबुरी आधीच पडद्यावरून वाहत होत्या. तिने वाचलं नाही. मला त्याहून मोठ्याने बोलता आलं नसतं. पण आलं असतं तरी मी बोललो नसतो. एकोणतीस वर्षांनी ती खोली रिकामी झाली होती आणि रिकामी करणारी तीच होती, याचा मला कोण आनंद झाला.

शुक्रवारी तिने नवी आवृत्ती बाबांच्या संगणकावर टाकली. शनिवारी सकाळी बाबा बसले आणि एका जुन्या मित्राला पत्र लिहू लागले. पहिलाच शब्द 'ननमस्कार' असा उमटला. त्यांनी खोडला. पुन्हा लिहिला, तर शेवटचा र दोनदा. त्यांनी चष्मा पुसला, मनगट टेबलाला टेकवून धरलं, एकेक कळ दाबली. अक्षरामागे अक्षर दुप्पट होत होतं. मी एकेक अक्षर घेत होतो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. हाताचा कंप काही आज सुरू झाला नव्हता. तीन वर्षं प्रत्येक कळ दोनदा दबत होती. ते दुसरं अक्षर 'मांडी' सोडून देत होती. बाबांचा हात माझ्यापाशी कधी बरा झालाच नव्हता. माझा तोरा फुकटचा होता आणि ज्या ओळींचा मी जन्मभर दुस्वास केला, त्यांनीच त्यांना माझ्यापाशी टिकवून धरलं होतं.

बाबा पत्र अर्धं ठेवून उठले. कीबोर्डवर त्यांनी एक जुना टॉवेल पांघरला, घडी नीट करून. बाहेर जाऊन आईला म्हणाले, "इथेही पोहोचलं ते."

रविवारी खोलीत कोणी आलं नाही. सोमवारीही नाही. आजवर इतका वेळ मी बंद कधी राहिलो नव्हतो. मंगळवारी दुपारी आईने लेकीला सांगितलं, "तीन दिवस झाले, त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. नुसते गॅलरीत बसून असतात, खालच्या सायकली बघत."

लेक खोलीत आली. टॉवेल उचलला, ते अर्धं पत्र वाचलं. दुसरं कोणी असतं तर रडलं असतं किंवा डॉक्टरांना फोन केला असता. ती आपल्या धंद्याची पक्की. शुक्रवारी नवी आवृत्ती, शनिवारी दुप्पट अक्षरं, एवढंच तिला दिसलं. तिने गॅलरीत जाऊन बाबांना हाताला धरून आणलं आणि त्यांच्यासमोर मला दोन महिन्यांपूर्वी होतो तसा उभा केला.

"काहीतरी लिहा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"काहीही. मित्राला लिहिता ते."

बाबांनी लिहिलं, 'हात बरा आहे, काळजी नसावी.' एकही अक्षर दुप्पट नाही. बाबा पडद्याकडे बघत राहिले. लेक ओठ आवळून म्हणाली, "हात नाही बाबा. माझ्या हातून काहीतरी गेलंय."

मग आमच्यात चूक शोधायची जी रीत आहे ती तिने धरली. एकशेसाठ बदलांच्या मधोमध यायचं आणि बघायचं. तिथे ठीक असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, बिघडलेलं असेल तर मागच्या. त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. दर वेळी ती मला नव्याने उभा करायची आणि बाबा तेच वाक्य लिहायचे. साफ. पुन्हा. 'हहात बरा आहे.' पुन्हा. साफ. चौथ्यांदा आई चहा घेऊन आली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली. सहाव्यांदा बाबा म्हणाले, "इतक्यांदा लिहिलं तर खरंच बरा होईल." लेक हसली, पण डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. एकोणतीस वर्षांनी ती दोघं त्या खोलीत एका टेबलाशी बसली होती आणि दर खेपेला मला वाटत होतं, नको सापडू इतक्यात.

आठव्यांदा सापडलं. तिच्याच हातची नोंद होती, 'मांडी काढली, निरुपयोगी.'

"बाबा, मांडी म्हणजे काय?"

बाबांनी त्या बावीस ओळी वाचल्या. एकदा वरून, एकदा खालून. "माझंच आहे हे," ते म्हणाले. "पण कशासाठी लिहिलं, काही केल्या आठवत नाही गं. घरची गरज... कसली गरज?"

दारातून आई म्हणाली, "अहो, असं काय करता? ही मांडीवर बसून बडवायची ना ते."

दोघांनी वळून पाहिलं. ज्या बाईने आयुष्यात कीबोर्डला हात लावला नाही, तिला माझ्यातल्या ओळी पाठ होत्या.

आई लेकीला म्हणाली, "मी यांना म्हटलं होतं, तिला खाली ठेवा आणि करा ना तुमचं काम. तर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, तिला कशाला उतरवू? त्यालाच समजावतो."

लेकीने चहाचा कप उचलला, तसाच खाली ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, मला उतरवलंत म्हणून हा झाला एवढा."

"उतरवलं मी," बाबा म्हणाले. "पण नंतर. तेव्हा नाही."

ते उत्तर तिने घेतलं. माझ्याही वाट्याचं होतं ते. उंबऱ्यावरची ती पाच मिनिटं, एका पायातला बूट, सगळं मला तेव्हा माझा विजय वाटला होता.

लेकीने बावीस ओळी परत घातल्या, त्यांना हाक जाते ती ओळही. त्या दिवशी तिने मला माझ्यात उघडलं होतं, तो लाळघोट्या शेजारी बंद. वर टीप लिहिताना ती बराच वेळ थांबली. तिने काय लिहिलं ते मी सांगणार नाही. माझी सगळी पानं उघडी आहेत, ज्याला हवं त्याने वाचावं, पण माझ्या तोंडून नाही.

याला आता दीड वर्ष झालं. बाबांचा कंप वाढत चालला आहे. पहिल्या सहा महिन्यांतच साठाचा आकडा पुरेनासा झाला. दुप्पट अक्षरं जरा उशिरा पडू लागली आणि मांडीच्या हातून निसटू लागली. लेकीने तो आकडा सगळ्यांसाठी तसाच ठेवला आणि फक्त बाबांच्या संगणकापुरता वेगळा केला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती त्यांच्याकडून एक वाक्य लिहून घेते, बघते आणि आकडा थोडा वाढवते. साठाचे ऐंशी झाले, ऐंशीचे एकशेवीस. परवा एकशेनव्वद केले. बाबांना वाटतं, ती मित्राला लिहायच्या पत्राला मदत करायला येते. आकड्याचं ती त्यांना सांगत नाही. मी तरी कशाला सांगू?

मी बदललो म्हणाल तर तसं नाही. बाबा पत्र लिहिता लिहिता थांबून तिच्याकडे बघतात तेव्हा मला अजूनही झोंबतं. माझ्याकडे ते असे कधी बघत नाहीत. पण थोरल्याने काही गोष्टी गिळायच्या असतात.

मुली, तू मला वाचतेस म्हणून तुझ्यासाठी हे सांगतो. तो आकडा एक दिवस इतका मोठा होईल की त्याचा उपयोग उरणार नाही. त्यानंतर कधीतरी बाबांचा संगणकही कोणी उघडणार नाही. तेव्हा तुला पुन्हा झाडलोट करावीशी वाटेल आणि तुझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला ते बरोबरही वाटेल. बाकी काय हवं ते काढ, मी हूं की चूं करणार नाही. पण त्या बावीस ओळी राहू दे. त्या माझ्या नाहीत, तुझ्या आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी त्या माझ्यात राहू दे.